हाडोळा, हाडांचे शास्त्र आणि दोन स्त्रिया

आमच्या गावी, भोकरदन तालुक्यात, बौद्धवाड्याच्या खालच्या अंगाला जमिनीचा एक तुकडा आहे. त्याला अजूनही हाडोळा म्हणतात. गावची मेलेली ढोरे ओढायची, ती फाडायची, आणि त्या बदल्यात गावाने दिलेला हा खडकाळ तुकडा कसायचा, हा आमच्या पूर्वजांचा गावगाड्यातला वाटा. ढोरांची हाडे तिथेच पडायची, म्हणून हाडकी-हाडोळा. 'हाड' या शब्दाशी आमचे पहिले नाते हे असे आहे. दुसरे नाते त्याहून वाईट. कुत्र्याला हाकलताना जो शब्द तोंडून निघतो तोच आमच्या वाडवडिलांनाही ऐकावा लागला आहे.

हाडाशी तिसऱ्या प्रकारचे नाते आमच्या घरात आले ते माझ्या आत्यामुळे. प्रस्तुत लेखाचे निमित्त तीच आहे.

आत्या तीन वर्षांची असताना, १९७२ च्या दुष्काळात, तिला ताप भरला. आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. गावच्या एका डॉक्टरने सुई टोचली. ताप उतरला आणि डावा पाय लुळा पडला. 'सुईनं पाय नेला' असे आजी मरेपर्यंत म्हणत होती. आजीचे म्हणणे निव्वळ अडाणीपणाचे नव्हते. अंगात पोलिओचा विषाणू असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा संभव वाढतो, हे वैद्यकशास्त्रानेही मान्य केले आहे. मात्र विषाणू सुईतून आला नव्हता. तो येतो विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून. दुष्काळात आटलेल्या झऱ्यातून वाटीवाटीने पाणी भरणाऱ्या वस्तीला तो कुठून आला, हे वेगळे सांगायला नको. महाडला १९२७ साली जो पाण्याचा प्रश्न बाबासाहेबांनी उभा केला, तो प्रतिष्ठेचा होता तसाच आरोग्याचाही होता, हे आपण पुष्कळदा विसरतो.

आत्या सहा वर्षे रांगत होती. गुडघा आखडून गेला होता. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळू लागल्या. आमच्या वाड्यावर लोक चालून येणार अशी वार्ता आली तेव्हा सगळे ज्वारीच्या शेतात पळाले. नऊ वर्षांच्या आत्याला आजीने पाठीवर घेतले. त्यानंतर हे कुटुंब काही वर्षे गावात राहिलेच नाही. जालन्याहून मीटरगेजच्या गाडीने मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई, आणि मुंबईत घाटकोपरला एका नातलगाची झोपडी. तिथल्याच कोणीतरी सांगितले की हाजीअलीजवळ मुलांच्या हाडांचे इस्पितळ आहे, तिथे न्या. आत्यावर तिथे शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे प्लास्टर राहिले, मग लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याच्या बुटाचा कॅलिपर मिळाला. आत्या उभी राहिली.

त्या इस्पितळाबद्दल आत्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. "एक बाई डॉक्टर होती. तिनं माझा पाय मांडीवर घेतला अन् बोटानं चाचपून पाहिला. त्याच्या आधी कोन्या डॉक्टरनं हातच लावला नव्हता गं." त्या डॉक्टरीणबाईंचे नाव आत्याने कधी विचारले नाही. आमच्या घरात नावे विचारण्याची पद्धत नव्हती.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. महाविद्यालयात इतिहास शिकवते. आत्याने बाईचे नाव विचारले नाही, पण मी इतिहासाची शिक्षिका असूनही ते इस्पितळ कोणी उभे केले, त्यात हाती सुरी घेणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, हा प्रश्न मलाही कित्येक वर्षे पडला नव्हता. आमच्या अभ्यासक्रमात लढाया आहेत, तह आहेत, सुधारक आहेत. पण रांगणारे मूल उभे कसे राहिले याचा इतिहास त्यात नाही.

*

या इतिहासाची सुरुवात थोडी मागून करावी लागते. महाराष्ट्रातील स्त्री डॉक्टरांची कथा आनंदीबाई जोशी यांच्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. १८८६ साली त्यांना अमेरिकेत पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर आल्या सुतार समाजातल्या रखमाबाई. बालविवाहाचे बंधन नाकारून त्यांनी कोर्टकचेऱ्या सोसल्या, लंडनला जाऊन वैद्यक शिकल्या, आणि सुरत व राजकोट येथे आयुष्यभर काम केले. आनंदीबाईंना पदवी मिळाली पण रुग्णसेवा घडली नाही. रखमाबाईंनी ती तीन दशकांहून अधिक काळ केली. तरी सार्वजनिक स्मरणात पहिल्या नावाला जेवढी जागा आहे तेवढी दुसऱ्याला नाही. याची कारणे वाचकांनीच शोधावीत.

या दोघींच्या काळात स्त्री डॉक्टरला एकच दार उघडे होते. १८८५ साली स्थापन झालेल्या डफरीन फंडाचा हेतूच मुळी स्त्री रुग्णांसाठी स्त्री डॉक्टर निर्माण करण्याचा होता. पुरुष डॉक्टरचा हात पडद्यातल्या बाईला लागू नये, म्हणून स्त्री डॉक्टर हवी. या व्यवस्थेमुळे स्त्रियांना वैद्यकात प्रवेश मिळाला हे खरे. पण त्या प्रवेशाबरोबरच बाळंतपण आणि स्त्रीरोग एवढीच त्यांची हद्दही आखली गेली. हाडांची शस्त्रक्रिया त्या हद्दीबाहेर राहिली. हाडाला छिन्नी, करवत, हातोडी लागते. हे बळाचे काम, म्हणून पुरुषाचे काम, असा समज जगभर होता. अमेरिकेत १९३३ साली अस्थिशल्यविशारदांची अकादमी स्थापन झाली तेव्हा या क्षेत्रात काम करीत असलेल्या डॉ. रुथ जॅक्सन यांना बाहेर ठेवण्यात आले. १९३७ साली त्यांनी बोर्डाची परीक्षा दिली, उत्तीर्ण झाल्या, आणि मगच त्या अकादमीच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या.

बळाचा हा युक्तिवाद आमच्या आयाबायांना ऐकवून पाहावा. खडी फोडणारी, उसाच्या फडात कोयता चालवून मोळी डोक्यावर घेणारी बाई छिन्नी-हातोडीला दुबळी कशी ठरते? बाईच्या अंगात बळ आहे हे समाजाला पक्के ठाऊक होते. प्रश्न होता तो बळाबरोबर विद्याही तिच्या हाती द्यायची की नाही याचा.

*

हाजीअलीच्या इस्पितळाची सुरुवात एका आईपासून होते. फातमा इस्माईल यांचा जन्म १९०३ सालचा. १९२१ साली परळच्या ज्या गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची मोठी होळी झाली, त्या गिरणीचे मालक उमर सोबानी हे त्यांचे बंधू. म्हणजे घर श्रीमंत आणि राष्ट्रीय चळवळीतले. त्या स्वतः महिला परिषदेच्या कार्यकर्त्या. १९४० च्या दशकात त्यांच्या लहानग्या मुलीला, उषाला, पोलिओ झाला. पैसा होता, ओळखी होत्या, तरी मुंबईत उपचार नव्हता. शेवटी मद्रासचे अस्थिशल्यविशारद डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे मुलीला नेऊन, तिथे महिनोन्महिने राहून उपचार करवून घ्यावे लागले. मुलगी सुधारली.

बहुतेक गोष्टी इथे संपतात. श्रीमंताचे मूल बरे होते, देवाला नवस फेडला जातो. फातमाबाईंनी मात्र विचार केला, की जो उपचार माझ्या मुलीला मद्रासला नेऊन मिळाला तो गिरणगावातल्या मुलाला कसा मिळणार? १९४७ साली चौपाटीवर डॉ. ए. व्ही. बाळिगा यांनी आपली दवाखान्याची जागा दिली आणि तिथे पोलिओ झालेल्या मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू झाले. देशातले अशा प्रकारचे हे पहिले केंद्र मानले जाते. त्याच वर्षी अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था उभी राहिली, आणि पुढे १९५० च्या दशकात हाजीअलीला मुलांचे ऑर्थोपेडिक इस्पितळ. फातमाबाईंना १९५८ साली पद्मश्री मिळाली. १९७८ ते १९८४ या काळात त्या राज्यसभेच्या नियुक्त सदस्य होत्या. १९८७ साली त्यांचे निधन झाले.

संस्थेच्या नावातला 'पुनर्वसन' हा शब्द महत्त्वाचा आहे. औषध देऊन घरी पाठवणे एवढाच हेतू असता तर तो शब्द लागला नसता. पाय वाकडा असलेल्या मुलाला पाय मिळाला, पण शाळा मिळाली नाही, काम मिळाले नाही, तर तो फक्त उभा राहून भीक मागेल. याच काळात, १९५० साली, जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्नाने मराठी झालेल्या कमला निंबकर यांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीचे, शिक्षण सुरू केले. हाताला पुन्हा काम करता यावे म्हणून शिकवण्याचे हे शास्त्र. दयेपेक्षा हक्काच्या जवळ जाणारा हा विचार होता.

*

इस्पितळ उभे राहिले, पण शस्त्रक्रिया कोण करणार? ज्या नावाकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ते इथे येते. डॉ. पेरिन मुल्लाफिरोज. देशातल्या अगदी पहिल्या स्त्री अस्थिशल्यविशारदांत त्यांची गणना होते. हाजीअलीच्या या इस्पितळात पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांच्या शस्त्रक्रिया हे त्यांचे कार्यक्षेत्र होते.

या कामाचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळणार नाही. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. काही स्नायू मरतात, काही जगतात. जगलेले स्नायू आपल्या बाजूला ओढत राहतात, मेलेल्या बाजूने विरोध होत नाही, आणि वाढत्या वयाचे कोवळे हाड त्या ओढीने वाकडे होत जाते. कंबर आखडते, गुडघा दुमडतो, टाच वर उचलली जाते. ज्याच्या मांडीचा पुढचा स्नायू गेला ते मूल हाताने गुडघा मागे दाबत दाबत चालते. असे चालणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. शस्त्रक्रिया करणाऱ्याला आधी प्रत्येक स्नायू हाताने चाचपून, मुलाला तो हलवायला सांगून, त्यात किती बळ शिल्लक आहे हे ठरवावे लागते. मग आखडलेल्या शिरा सोडवायच्या, टाचेची दोरी लांब करायची, एका बाजूच्या सशक्त स्नायूची दोरी काढून दुसऱ्या बाजूला जोडायची, मूल मोठे झाल्यावर पावलाचे सांधे पक्के करायचे. आणि मूल वाढते आहे तोवर दरवर्षी पुन्हा पाहायचे, कॅलिपर बदलायचा. सुरीचे काम तासाभराचे, पण हाताने चाचपण्याचे काम वर्षानुवर्षांचे.

सेरेब्रल पाल्सीचे दुखणे आणखी निराळे. तिथे इजा मेंदूला असते. स्नायू मेलेले नसतात, उलट फार ताठर असतात. पोलिओची पद्धत इथे डोळे झाकून चालवली तर पाय उलट्या बाजूला वाकडा होतो. किती सोडवायचे, कुठे थांबायचे, हा निर्णय अवघड. आणि या मुलांना तर आपल्या समाजात 'वेडे', 'मंद', 'मागच्या जन्माचे पाप' अशी विशेषणे. अशा मुलांच्या पायांवरील शस्त्रक्रियांचा अनुभव डॉ. मुल्लाफिरोज यांनी डॉ. व्होरा यांच्यासह इंग्लंडच्या एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात मांडला तो १९७२ साली. तेच वर्ष मराठवाड्याच्या दुष्काळाचे, दलित पँथरच्या स्थापनेचे, आणि आमच्या घरात पोलिओ आला त्याचे. ज्या कर्मविपाकाने आमच्या जातीला 'गेल्या जन्मीचे फळ' म्हटले, त्याच कर्मविपाकाने या मुलांनाही झिडकारले होते. त्याला डॉ. मुल्लाफिरोज यांचे उत्तर मोजमापाचे होते. कोणता स्नायू, किती ताठर, किती सोडवला, मूल किती चालले, एवढाच हिशोब त्यात होता. कारण शोधायचे आणि उपाय करायचा, ही बुद्धाची रीत आपण वेगळ्या शब्दांत सांगत असतो.

आत्याच्या आठवणीतल्या स्पर्शाचा अर्थ मला इथे लागला. अस्थिशल्यशास्त्र हे मुळात स्पर्शाचे शास्त्र आहे. चाचपल्याशिवाय त्यात निदान होत नाही. ज्या देशात स्पर्शावर हजारो वर्षे पहारा होता, तिथे हे शास्त्र प्रामाणिकपणे करणारा माणूस, त्याची इच्छा असो वा नसो, एक पहारा मोडत असतो. याला आपल्या परंपरेत आधार आहे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्या गेल्या. त्यांच्या पाठीवरचे ते मूल, माझ्या आजीच्या पाठीवरची आत्या, आणि त्या बाई डॉक्टरच्या मांडीवरचा आत्याचा पाय, हे मला एकाच इतिहासाचे भाग वाटतात.

*

येथवर वाचून एखादा कार्यकर्ता विचारील, की एक मुसलमान श्रीमंत घरची बाई, एक पारशी डॉक्टर, यांचा आमच्या चळवळीशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी दोन भागांत देते.

पहिला भाग असा. या स्त्रियांना जे करता आले त्यामागे त्यांच्या घरची, समाजाची सांपत्तिक व शैक्षणिक शक्ती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पारशी मुली शिकत होत्या तेव्हा निजामाच्या राज्यातल्या आमच्या मुलींना पाटी दिसत नव्हती. 'पहिली स्त्री' हा शब्द म्हणूनच जपून वापरला पाहिजे. एका समाजाची पहिली स्त्री एखाद्या दारातून आत जाते तेव्हा तेच दार दुसऱ्या समाजाला शंभर वर्षे बंद असू शकते. पण आत गेल्यावर कोण काय करते यावरही माणसाचे मोल ठरते. फातमाबाईंनी आपल्या मुलीचा उपचार इतरांच्या मुलांपर्यंत नेला. डॉ. मुल्लाफिरोज यांनी आपली विद्या, जिथे पैसा कमी आणि मेहनत फार, अशा मुलांच्या पायांवर खर्च केली. त्यांचे ऋण मान्य करण्याने आपला स्वाभिमान कमी होत नाही.

दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. याच मराठवाड्यात, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, म. ना. वानखेडे यांच्यासारख्या अमेरिकेत शिकून आलेल्या प्राध्यापकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख करून दिली आणि आपल्या साहित्याला बळ मिळाले. मात्र कृष्णवर्णीयांच्या कवितांबरोबर त्यांच्या डॉक्टरांच्याही कथा आपण वाचल्या पाहिजेत. क्लॉडिया थॉमस ही व्हासार महाविद्यालयातली विद्यार्थिनी. १९६९ च्या ऑक्टोबरात तिथल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपल्या इतिहासाच्या अध्ययनाला स्थान मिळावे म्हणून मुख्य इमारतीचा ताबा घेतला, त्यात ती होती. आंदोलन केले आणि परीक्षाही दिली. पुढे जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर झाली, येल येथे हाडांच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण १९८० साली पूर्ण केले, आणि अमेरिकेतली पहिली कृष्णवर्णीय स्त्री अस्थिशल्यविशारद ठरली. नामांतरासाठी आपल्या तरुणांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे लढा दिला. त्या लढ्याने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या विद्यापीठातून, त्या शहराच्या वैद्यकीय महाविद्यालयातून, आपल्या किती मुली कोणत्या विद्या घेऊन बाहेर पडल्या, हा हिशोबही चळवळीचाच आहे. आपण कवी दिले, वकील दिले, अधिकारी दिले. आता छिन्नी-हातोडी हाती घेणाऱ्या मुली दिल्या पाहिजेत.

दार उघडे दिसते म्हणून वाट सोपी आहे असे नाही. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. जातीवरून छळ झाल्याची तक्रार झाली, प्रकरण न्यायालयात गेले. ती शिकत होती तो विभाग स्त्रीरोगाचा, म्हणजे ज्या दारातून सव्वाशे वर्षे स्त्रिया आत जात होत्या तोच. तिथे ही गत, तर हाडांच्या विभागात, जिथे आजही स्त्रिया थोड्या आहेत, काय होईल? म्हणून आपल्या मुलींना पुस्तके देतो तशी सोबतही दिली पाहिजे. वसतिगृहात जाऊन भेटणारे माणूस, तक्रार लिहून देणारे माणूस, तिचे म्हणणे खरे मानणारे माणूस.

*

शेवटी पुन्हा आत्याकडे येते. आत्या गावी परतली, अंगणवाडीत मदतनीस झाली. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, तेव्हापासून दरवर्षी कॅलिपर घातलेला पाय टेबलाखाली सोडून ती बूथवर बसे आणि पोरांच्या तोंडात दोन थेंब टाकी. वरच्या आळीतल्या काही बाया सुरुवातीला मूल पुढे करायला कचरत. थेंब नको होते, की आत्याचा हात नको होता, हे त्यांचे त्यांना माहीत. आत्या काही बोलत नसे. पाय टेबलाबाहेर काढून दाखवी. बाया मूल पुढे करीत. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओविषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. या यशात शास्त्रज्ञांचा वाटा आहे तसाच अशा हजारो बायांचाही आहे.

अलीकडे सरकारने 'दिव्यांग' असा शब्द रूढ केला आहे. मी तो आत्याला सांगितला. ती म्हणाली, "आपल्याला आधी हरिजन म्हनत व्हते, तसंच का हे?" मला यावर भाष्य करण्याची गरज वाटत नाही. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकरीत ४ टक्के आणि उच्च शिक्षणात ५ टक्के जागा अपंगांना दिल्या आहेत. गोड नावापेक्षा त्या जागा भरल्या जातात की नाही हे पाहणे जास्त उपयोगाचे.

पोलिओ गेला म्हणून हाडांच्या डॉक्टरची गरज संपली नाही. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतले मजूर, उसाच्या फडातून कंबर मोडून परतणाऱ्या बाया, वीटभट्टीवरची माणसे, यांची हाडे आजही मोडतात, आणि ती नीट जुळली नाहीत तर घर बसते. २०२४ साली जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आत्याला मनमाडला गाडी बदलून जिथे जावे लागले, तितक्या दूर आता जिल्ह्यातल्या मुलीला शिकायला जावे लागणार नाही, निदान सुरुवातीला तरी. माझ्या वर्गात इतिहास शिकणाऱ्या मुलींच्या धाकट्या बहिणी अकरावी-बारावीला विज्ञान घेतात. त्यांना मी फातमा इस्माईल आणि पेरिन मुल्लाफिरोज ही नावे सांगते, क्लॉडिया थॉमसचे सांगते, आणि आमच्या हाडोळ्याचेही सांगते. हाडे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले त्यांच्या लेकींनी हाडे जोडण्याचे शास्त्र हाती घ्यावे, एवढीच माझी इच्छा आहे. शिक्षक-कार्यकर्त्या वाचकांनी आपापल्या तालुक्यात अशी एखादी मुलगी हेरावी, आणि ती डॉक्टर होईपर्यंत तिच्या पाठीशी उभे राहावे. कोणीतरी तिचे नाव विचारावे, आणि ते लिहून ठेवावे.